मायनस ४० ला स्नोमोबाईल सेल्फ घेत नाही? करंट कुठे अडलाय ते कसं शोधायचं

इकडे उत्तर कॅनडात यलोनाईफला नोकरीसाठी आलेली आपली मंडळी दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत हौसेने एखादी जुनी स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावर चालणारी गाडी, घेतातच, आणि मग जानेवारीत एका सकाळी फोन येतो की दादा काल संध्याकाळपर्यंत मस्त चालत होती, आज नुसती टकटक करतेय. दर वर्षी तेच सगळं फोनवर सांगतो म्हणून एकदा नीट लिहून काढतोय. माझा धंदा मेकॅनिकचा नाही, पण बारा हिवाळे इथल्या गोठलेल्या ग्रेट स्लेव्ह लेकवर गाडी चालवलीय आणि वायरिंग स्वतःच उघडतो, त्यातून जे कळलं ते हे.

पहिले एक गोष्ट डोक्यात बसवा. थंडी नवीन बिघाड फार कमी वेळा करते, आधीपासून असलेला बाहेर काढते. टर्मिनल थोडं ढिलं आहे, कनेक्टरमध्ये पाणी गेलंय, बॅटरी अर्धीच भरलेली आहे, असं काहीही असलं तरी मायनस १० ला गाडी कशीतरी सुरू होते आणि मायनस ३५ ला होत नाही. कारण मार दोन्हीकडून बसतो, बॅटरीतली रासायनिक क्रिया मंद होते म्हणून ती कमी करंट देते, आणि नेमकं तेव्हाच इंजिनातलं ऑइल मधासारखं घट्ट झालेलं असतं म्हणून स्टार्टरला जास्त करंट लागतो. बॅटरीवर सीसीए (कोल्ड क्रँकिंग अँप्स) म्हणून जो आकडा छापलेला असतो ना, तो मायनस १८ डिग्रीला मोजलेला असतो, म्हणजे त्या तापमानाला पूर्ण चार्ज बॅटरी ३० सेकंद किती अँपिअर देऊ शकते ते. आपल्याकडे त्याच्याही वीस-पंचवीस डिग्री खाली जातं, त्यामुळे तो आकडा आपल्याला पूर्ण कधीच मिळत नाही.

गाडीला हात लावायच्या आधी

आधी बघा तुम्ही कुठे आहात. घरासमोर असाल तर वेळच वेळ आहे, आत जा, चहा घ्या, परत या. पण लेकवर किंवा गावाबाहेर जाणाऱ्या इन्ग्रॅहम ट्रेल रस्त्याच्या पुढे असाल तर आधी माणूस, मग गाडी. डिसेंबरच्या शेवटी इथे सूर्य दहाला उगवतो आणि तीनला मावळतो, गावापासून थोडं लांब गेलं की मोबाईलची रेंज जाते, म्हणून किती वेळ प्रयत्न करायचा ते आधीच ठरवा. मी स्वतःला वीस मिनिटं देतो, तेवढ्यात जमलं नाही तर सॅटेलाइट मेसेंजरवरून घरी कळवतो आणि वाऱ्याच्या आडोशाला शेकोटीच्या तयारीला लागतो.

आणि हातमोजे. हे मी फार कळकळीने सांगतोय कारण पहिल्याच हिवाळ्यात एक बारीक स्क्रू पकडता येईना म्हणून मी मोजा काढला, दोन मिनिटांचं तर काम आहे म्हणून, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांना त्यानंतर दर थंडीत मुंग्या येतात. मायनस ४० ला ३० किमी वेगाचा वारा असेल तर अंगाला ते मायनस ५८ च्या आसपास लागतं, उघडी कातडी मिनिटांत गोठते. आत पातळ मोजे घालून ठेवा म्हणजे वरचे जाड काढले तरी धातूला थेट बोट लागत नाही. पेट्रोल हातावर अजिबात सांडू देऊ नका, ते मायनस ४० ला गोठत नाही, तितकंच थंड राहून कातडीला चिकटतं आणि वर उडून जाताना उरलीसुरली उष्णताही घेऊन जातं.

तुमची गाडी कुठल्या जातीची आहे

हे माहीत नसेल तर पुढचं सगळं गोंधळाचं होईल. काही टू-स्ट्रोक गाड्यांना बॅटरीच नसते, दोरी ओढली की इंजिन फिरतं आणि त्याच्यावरच्या स्टेटरमधून, म्हणजे करंट तयार करणाऱ्या कॉइलमधून, प्लगला करंट जातो. काही टू-स्ट्रोकला सेल्फ आणि दोरी दोन्ही असतं. काही नव्या गाड्यांत बॅटरीऐवजी कपॅसिटर असतो, तो थोडा वेळच चार्ज धरतो, म्हणून पहिल्यांदा दोरी ओढायची आणि मग दिवसभर थोड्या थोड्या थांब्यांनंतर बटण चालतं, जास्त वेळ थांबलात की परत दोरी. तिथे बटण चाललं नाही म्हणून बिघाड शोधत बसू नका. आणि चौथी म्हणजे फोर-स्ट्रोक, बहुतेकांना दोरी नसते, बॅटरी उतरली की विषय संपला. फोर-स्ट्रोकवाल्यांनी पुढचा बॅटरीचा भाग दोनदा वाचा.

पायरी १: चावी फिरवा आणि कान द्या

आवाजावरून निम्मं निदान होतं. भराभर टकटकटक आवाज येतोय आणि मीटरचे दिवे मंद होतायत, म्हणजे बॅटरी कमजोर किंवा टर्मिनल ढिलं. एकच जोरात टक आणि मग शांत, म्हणजे सोलेनॉइडपर्यंत (स्टार्टरला करंट जोडणारा स्विच) करंट पोचतोय पण स्टार्टर फिरत नाही, तिथले कॉन्टॅक्ट खराब असतील किंवा स्टार्टर गोठला असेल (पण आधी बॅटरी तपासा, कारण अगदी उतरलेली बॅटरीसुद्धा कधीकधी असंच करते). काहीच आवाज नाही, मीटरही अंधारात, तर फ्यूज, किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण), टेदर (अंगाला बांधायची दोरी, तिची टोपी निघाली की इंजिन बंद होतं) किंवा बॅटरीची मेन वायर. आणि इंजिन नीट फिरतंय पण पेटत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका, सरळ पायरी ५ वर जा.

एक गोष्ट नवीन माणसाला फसवते. इंजिन जड फिरतंय, धाप लागल्यासारखं, आणि बॅटरी तर नवी आहे. अशा वेळी ऑइल कुठलं घातलंय ते बघा. फोर-स्ट्रोकला कंपनीने सांगितलेलं थंडीचं ऑइल, बहुतेक ठिकाणी सिंथेटिक ०डब्ल्यू-४०, तेच हवं. उन्हाळी जाड ऑइल असेल तर तो बिघाड विजेचा नाही पण दिसतो अगदी तसाच.

पायरी २: मल्टीमीटर लावा

साधा स्वस्तातला मल्टीमीटर चालतो, फक्त तो जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, नाहीतर डिस्प्लेवरचे आकडे सावकाश बदलतात आणि सेलही दम तोडतो. डीसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या टर्मिनलवर थेट मोजा, गाडी निदान दोन-तीन तास बंद असायला हवी, आत्ताच चार्जर काढला असेल तर आकडा फुगलेला दिसतो. १२.६ किंवा वर असेल तर भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. एजीएम (सीलबंद प्रकारच्या लेड-अॅसिड) बॅटरीला हे आकडे थोडे वर असतात, पूर्ण भरलेली १२.८ च्या पुढे दाखवते.

पण नुसता बसल्या जागचा आकडा बघून खूश होऊ नका. कोणालातरी सेल्फ मारायला सांगा आणि त्याच वेळी मीटर बघा. साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी एकतर उतरलीय, गारठलीय किंवा संपलीय. तिन्हीतलं कुठलं ते ओळखायची सोपी युक्ती म्हणजे बॅटरी काढून घरात न्या, पाच-सात किलोचंच तर वजन असतं, रात्रभर घरात राहू द्या, चार्ज करा, सकाळी ऊबदार असतानाच लावून बघा. झटक्यात सुरू झाली तर बॅटरी ठीक, गारठली किंवा उतरली होती. इथली जुनी माणसं कडाक्याच्या आठवड्यात बॅटरी रोज रात्री घरातच ठेवतात, आणि मीही आता तेच करतो.

गोठलेल्या बॅटरीचं सगळ्यात गंभीर. पूर्ण चार्ज लेड-अॅसिड बॅटरी मायनस ५० लाही गोठत नाही, पण अर्धी उतरलेली मायनस २०-२५ च्या आसपास गोठते आणि रिकामी तर मायनस १० च्या आसपासच. म्हणजे काल उतरलेली बॅटरी गाडीत तशीच सोडली तर सकाळी आत बर्फाचा ठोकळा. डबा फुगलेला दिसला, चिर गेलेली दिसली, तर तिला जंप (दुसऱ्या बॅटरीचा करंट) लावू नका, चार्जर लावू नका, फुटू शकते आणि आत अॅसिड आहे. चिर नसेल तर घरात आणून पूर्ण वितळू द्या, पुन्हा नीट बघा, मगच चार्जर. चिर असेल तर फेकायची, म्हणजे कचऱ्यात नाही, बॅटरीच्या दुकानात परत द्यायची.

लिथियम बॅटरी बसवली असेल तर तिचा स्वभाव वेगळा. गारठल्यावर पहिला सेल्फ ती घेतच नाही, मग चावी ऑन करून दोन-तीन छोटे सेल्फ मारले की आतून थोडी गरम होते आणि जीव धरते. पण शून्याच्या खाली तिला चार्जर लावणं म्हणजे कायमचं नुकसान, घरात आणूनच चार्ज करा.

जंप द्यायचा असेल तर मदत करणाऱ्या गाडीचं इंजिन बंद ठेवा, लाल वायर प्लसला प्लस, काळी वायर आधी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचं टोक आपल्या गाडीच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. छोटा जंप पॅक असेल तर तो डिकीत ठेवून काही उपयोग नाही, दिवसभर अंगाशी ठेवायचा.

पायरी ३: जोडण्या

बॅटरी चांगली निघाली तर मला दहातल्या सात वेळा दोष इथे सापडलाय. टर्मिनलचे बोल्ट पान्याने घट्ट आहेत का बघा, हाताने नाही. पांढरं-हिरवं साचलेलं असेल तर आधी मायनस काढा, मग प्लस, ब्रशने किंवा पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा, लावताना उलटं, प्लस आधी. मग मायनसची जाड वायर इंजिनला किंवा चेसिसला जिथे जाते तो अर्थचा बोल्ट शोधा, तो लोक कधीच बघत नाहीत. बघायची पद्धत अशी, मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारा. मीटर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर त्या वायरमध्ये किंवा तिच्या बोल्टमध्ये करंट अडतोय. हेच प्लसच्या बाजूलाही करा, बॅटरीच्या प्लसपासून स्टार्टरच्या बोल्टपर्यंत. ही टेस्ट एकदा जमली ना की अंदाजाने पार्ट बदलत बसायची सवय सुटते.

मग हँडलबार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवा आणि गाडीच्या मीटरचे दिवे बघत राहा. मधेच लुकलुकले तर स्टिअरिंगच्या दांड्याजवळ वायर घासून सोललीय, ही फार कॉमन जागा. फक्त जोर लावू नका, साध्या वायरचं प्लास्टिक या थंडीत कडक होतं आणि वाकवलं की तडकतं, चांगली वायर तपासताना मोडून ठेवाल. कनेक्टरचे लॉकही तसेच तुटतात, आधी हाताच्या उबेने किंवा हीट पॅकने गरम करा मग दाबा.

पायरी ४: स्विच, टेदर, फ्यूज

टेदरची टोपी काढा, आत बर्फ आहे का बघा. पावडर बर्फात पडल्यावर आत बर्फ जातो, इंजिनच्या उबेने वितळतो, रात्री परत गोठतो. काही गाड्यांच्या टोपीत चिप असते, तिचा कॉन्टॅक्ट नीट बसला नाही तर गाडी सुरूच होत नाही किंवा सुरू होऊन पुढे सरकत नाही. लाल किल स्विच पाच-सहा वेळा वर-खाली करा, आतला बर्फ मोडतो. गरम पाणी कशावरही ओतू नका, कितीही मोह झाला तरी, ते दोन मिनिटांत बर्फ होऊन आधीपेक्षा वाईट करून ठेवतं.

काही गाड्यांना थ्रॉटलच्या खटक्यात सेफ्टी स्विच असतो. केबल गोठून खटका परत आला नाही तर तो इंजिन बंद करतो, तुमच्या सुरक्षेसाठीच. सुरू होते आणि लगेच मरते असं होत असेल तर खटका मोकळा परत येतोय का ते आधी बघा. हा स्विच वायर तोडून बायपास करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, अडकलेल्या थ्रॉटलने गाडी झाडात घुसते.

फ्यूज नुसता डोळ्याने बघू नका, काढून मीटरने तपासा. परत तोच फ्यूज गेला तर मोठा अँपिअर घालू नका, कुठेतरी वायर सोललीय आणि मोठ्या फ्यूजने ती पेटेल. ग्रिप हीटर (हँडल गरम करणारा), हेल्मेटच्या गरम काचेचा प्लग, बाहेरून बसवलेला जीपीएस, हे एकेक काढून फ्यूज टिकतो का बघा. बाहेरून जोडलेल्या वायरीच बहुतेक वेळा गुन्हेगार असतात.

पायरी ५: प्लगला करंट येतोय का

सोलापूरला लहानपणी वडिलांच्या टू-स्ट्रोक स्कूटरचा प्लग दर रविवारी काढून घासणं हे माझं काम होतं, तेच इथे उपयोगी पडलं. प्लग काढा. ओला, काळा, पेट्रोलचा वास येतोय म्हणजे करंट कमजोर आहे किंवा चोक लावून फार वेळा ओढलं आणि पेट्रोल जास्त झालं. अगदी कोरडा असेल तर बिघाड पेट्रोलच्या बाजूला आहे, लाइनमध्ये पाणी गोठलं असेल, वायरिंग सोडा आणि तिकडे बघा.

स्पार्क बघायला छोटा स्पार्क टेस्टर वापरा, फार महाग नसतो. प्लगने बघायचं तर प्लग कॅपमध्ये घालून त्याचा धातू इंजिनला घट्ट टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब, कारण भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते. प्लग हवेत लोंबकळत ठेवून कधीही सेल्फ मारू नका, कॉइल किंवा इंजिनाचा कॉम्प्युटर जाऊ शकतो. निळा-पांढरा ठिणगा कडक आवाजाने आला तर ठीक. दोन्ही सिलिंडरला नसेल तर परत किल स्विच आणि टेदर. एकालाच नसेल तर प्लग, कॅप, कॉइल, ह्या क्रमाने एका सिलिंडरचं दुसऱ्याला लावून बघा, दोष बरोबर फिरला की पार्ट सापडला.

आणि एक छोटी युक्ती, नवीन प्लगची जोडी आतल्या खिशात ठेवा. ओले प्लग काढून अंगाच्या उबेतले कोरडे प्लग लावले की अडून बसलेली टू-स्ट्रोक दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला पेटते, मी हे इतक्या वेळा केलंय की मोजलं नाही. बॅटरी नसलेली इंजेक्शनची गाडी असेल तर दोरी अर्धवट हळू ओढून चालत नाही, स्टेटरला कॉम्प्युटर जागा करण्याइतका वेग मिळाला पाहिजे.

पायरी ६: सुरू झाली, पण बॅटरी चार्ज होतेय का

आयडलच्या थोडं वर इंजिन ठेवून बॅटरीवर मोजा, ट्रॅकच्या मागे कोणी उभं नको. साधारण १३.५ ते १४.५ हवं. १२.५ च्या आसपासच अडकलं असेल तर चार्जिंग होत नाही, आणि १५ च्या वर जात असेल तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलाय, अशी चालवली तर बॅटरी आणि बल्ब दोन्ही जातील. स्टेटरचा कनेक्टर सोडा, बहुतेक गाड्यांत तीन पिवळ्या वायरी असतात. दोन-दोनमध्ये ओहम मोजा, तिन्ही जोड्या सारख्या यायला हव्यात आणि बहुतेक ठिकाणी एक ओहमच्या आत, आधी मीटरची टोकं एकमेकांना लावून जो आकडा येतो तो वजा करा. कुठलीही पिवळी वायर आणि चेसिस यांच्यात मीटरने जोडणी दाखवता कामा नये, म्हणजे सर्किट तुटलेलंच दिसायला हवं. मॅन्युअलमधले आकडे २० डिग्रीचे असतात, तांब्याचा रोध मायनस ४० ला त्याच्यापेक्षा जवळजवळ पाव हिश्शाने कमी येतो, म्हणून बाहेर मोजून आकडा कमी आला की स्टेटर शॉर्ट झाला असं लगेच समजू नका. असलं काम गॅरेजमध्ये उबेत करायचं, लेकवर नाही.

गॅरेजवरून आठवलं. गाडी मायनस ३५ मधून गरम गॅरेजमध्ये घेतली की चष्म्यावर धुकं येतं तसं प्रत्येक कनेक्टरवर, स्विचच्या आत पाणी जमतं. तासाभराने तशीच परत बाहेर काढली तर ते पाणी तिथेच गोठतं, आणि कालपर्यंत काहीही नसलेल्या गाडीत आज तीन बिघाड दिसतात. आत घेतली तर पूर्ण वाळेपर्यंत आतच ठेवा, निदान रात्रभर. नाहीतर बाहेरच राहू द्या, कव्हर घालून.

बरोबर काय ठेवायचं: फ्यूजचा सेट, प्लगची जोडी, छोटा पाना, पक्कड, दोन-तीन फूट सिलिकॉन कोटिंगची वायर (ती थंडीत मऊ राहते), थोडी बारीक तार. इन्सुलेशन टेप मायनस ३० ला चिकटत नाही, तो आतल्या खिशात ठेवा, प्लास्टिकचे टाय ओढले की कटकन तुटतात. साधा गॅस लायटर बाहेर राहिला तर पेटत नाही कारण ब्युटेन शून्याच्या आसपासच वाफ व्हायचं थांबतं, म्हणून तोही आत, आणि सोबत काड्यापेटी. हेडलॅम्पमध्ये साध्या अल्कलाइन सेलऐवजी लिथियमचे एए सेल घाला, ते मायनस ४० पर्यंत काम देतात.

उन्हाळ्यात ठेवताना बॅटरी काढून मेंटेनरवर (चार्ज टिकवणारा छोटा चार्जर) लावा, सगळे कनेक्टर उघडून, पुसून, डायइलेक्ट्रिक ग्रीस (पाणी अडवणारं, करंट न वाहणारं) भरा, आणि एअरबॉक्सच्या (इंजिनाला हवा जाते तो डबा) आसपास उंदरांनी घर केलंय का बघा. त्यांनी कुरतडलेली वायर ऑक्टोबरमध्ये गॅरेजमध्ये सापडली तर दहा मिनिटांचं काम, जानेवारीत लेकवर सापडली तर चालत घरी.

आणि गाडी अडून सुरू झाली असेल त्या दिवशी फोटो काढायला, मासे बघायला इंजिन बंद करून उभं राहू नका. ग्रिप हीटर थोडा वेळ कमी ठेवा म्हणजे जास्त करंट बॅटरीला जाईल, सरळ घरी या, गाडी लावल्या लावल्या बॅटरीवर मीटर ठेवा आणि १२.४ च्या खाली असेल तर त्याच रात्री काढून आत आणा.